इंटरव्हलनंतरचा परब

परब कुठल्याही खोलीत शिरला की आधी दार शोधायचा. ज्या दारानं आत आलो ते नव्हे, दुसरं. दुसरं दार नसलं तर खिडकी, आणि खिडकीला ग्रिल असलं तर तिथं तो बसायचाच नाही. एकदा आम्ही स्टुडिओतले सातजण दादरला थालीपीठ खायला गेलो होतो. पंख्याखालचं चांगलं रिकामं टेबल सोडून ह्या गृहस्थानं आम्हांला मोरीशेजारी बसवलं, कारण तिथून स्वयंपाकघरातून मागच्या गल्लीत पडता येत होतं. "कशाला पडायचंय आपल्याला मागच्या गल्लीत?" मी वैतागून विचारलं. "पडायचं नाहीये. माहीत असावं," तो म्हणाला, आणि शांतपणे दोन थालीपिठं सांगितली.

आमच्या स्टुडिओत खोटी जगं बनवतात. डोळ्यांवर हेडसेट चढवला की माणूस लोअर परळच्या बंद गिरणीच्या आवारात बसल्या बसल्या समुद्राच्या तळाशी जातो, नाहीतर मंगळावर. ही जगं परब उभी करायचा आणि मी त्यांना आवाज द्यायचे. पावलं, पाणी, दाराची कडी, लांबून येणारं कुणाचं तरी खोकणं. मी गिरगावची, तो घोडपदेवचा. आमचं भांडण झालं नाही असा आठवडा नसेल. त्याचं नाव सुहास होतं, पण ते नाव त्याला शोभत नाही ह्यावर ऑफिसात सगळ्यांचं एकमत होतं, म्हणून तो सगळ्यांचा परबच राहिला.

हे वेड त्याला लागलं कुठून, तेही त्यानंच एकदा चहा पिताना सांगितलं. त्याचा मामा परळच्या एका थिएटरात बॅटरीवाला होता, म्हणजे अंधारात टॉर्च मारून लोकांना खुर्च्या दाखवायचा. इंटरव्हल झाला की तिथला मॅनेजर चहाला बाहेर जायचा आणि मग मामा भाच्याला हळूच आत सोडायचा. तिथं इंग्रजी पिक्चर लागायचे, हिंदीत बोलणारे. अवकाशयानं, यंत्रमानव, दुसऱ्या ग्रहावरून आलेलं काहीतरी. परबनं असे पन्नासेक पिक्चर पाहिले असतील, आणि एकाचाही पूर्वार्ध पाहिला नव्हता. तो आत शिरायचा तेव्हा शहर बुडालेलं असायचं. यंत्र उलटलेलं असायचं. यानातल्या सातांपैकी चारच उरलेले असायचे आणि ते एकमेकांकडे संशयानं बघत असायचे.

"मग आधी काय झालं ते कसं कळायचं?" मी विचारलं.

"कळायचं नाही. घरी जाऊन बनवायचो. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला काढत बसायचो. शहर बुडायच्या आधी ही माणसं कपडे कुठं वाळत घालत असतील? पाणी किती वाजता येत असेल? ह्यांच्यात पहिली भेग कुणाला दिसली असेल, आणि त्यानं सांगितल्यावर बाकीचे हसले असतील का?"

हे सांगताना त्याचा कप हातात तसाच थंड झाला होता. मला तेव्हा गंमत वाटली होती. आता तो शेवटचा प्रश्न आठवला की वाटत नाही.

त्याची काम करायची पद्धतही ह्यातूनच आलेली. कुठलंही जग तो आधी मोडलेलं बनवायचा. म्युझियम असो, हॉस्पिटल असो, आधी ते पडल्यावर, जळल्यावर, माणसं सोडून गेल्यावर कसं दिसेल ते उभं करायचा आणि मग तिथून उलटा मागं येत येत एकेक भिंत नीट करायचा. त्यात वेळ जायचा, पैसेवाले कावायचे, पण त्याची जगं खरी वाटायची. चांगल्या धडधाकट भिंतीतसुद्धा ती कुठून तडकणार आहे हे त्याला ठाऊक असायचं, आणि बघणाऱ्याला ते न दिसता जाणवायचं.

एका विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही अवकाशस्थानक बनवलं होतं. त्यात परबनं एका कोपऱ्यात दोरी बांधून लहान मुलाचं बनियन वाळत घातलं. मी म्हटलं, अरे अवकाशात कोण बनियन वाळत घालतं? तो म्हणाला, माणसं असतील तर घालणारच. प्रदर्शनाचा साहेब बघायला आला, आत दोन मिनिटं फिरला आणि हेडसेट काढून म्हणाला, "छान आहे, पण मला आत भीती का वाटतेय?" परबनं हेडसेट पुसून ठेवला. साहेब गेल्यावर मला म्हणाला, "ते बनियन एका बाजूला कललंय. तिथं वारा कुठून येणार? कुठून तरी हवा गळतेय." मी पुन्हा हेडसेट चढवून पाहिलं. बनियन खरंच कललं होतं, अगदी थोडं. मला परबचा राग आला.

हा माणूस घरी तरी सुखानं राहत असेल असं वाटलं तर तेही नव्हतं. घोडपदेवला तीन मजली चाळीत त्याची एक खोली. आईवडील गेलेले, लग्न केलेलं नाही. शेजारच्या खोलीत सुलूकाकी. ही त्याची नात्यानं कुणी नाही, पण आई गेल्यापासून ह्याचं ताट तिच्याकडे. काकीचे डोळे आणि गुडघे दोन्ही अधू झालेले. सकाळी दार उघडायचं, उंबऱ्यात बसायचं आणि गॅलरीतून जाणाऱ्या येणाऱ्याला हटकायचं, हे तिचं जगणं. कठड्याला हात लावत लावत ती नळापर्यंत जायची, परत यायची. कठडा होता म्हणून तिला दिसत नाही हे निम्म्या चाळीला माहीतही नव्हतं.

ह्या चाळीतल्या सगळ्या भेगांवर परबनं कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. प्रत्येक पट्टीवर तारीख. भेग रुंदावली तर पट्टी फाटेल, असा हिशेब. एका सकाळी जिन्यावरची मोठी पट्टी त्याला सुटलेली दिसली. ह्यानं ताटं वाजवून पूर्ण चाळ खाली उतरवली. लोक गॅसचे सिलिंडर, टीव्ही, देव, म्हातारी माणसं घेऊन अंगणात दुपारपर्यंत उन्हात उभे. काही झालं नाही. शेवटी एकानं वर जाऊन पाहिलं तर पट्टी फाटलेली नव्हतीच, उन्हानं डिंक सुटला होता. त्या दिवशी एकटी सुलूकाकी खाली उतरली नव्हती. "पडली तर पडांदे," ती म्हणाली होती, "मी हयसर बसलंय." त्यानंतर चाळीत कुणी काही वाईट शंका काढली, की लोक म्हणायचे, "झाला, परब्याचा पिक्चर सुरू झाला." तोही ऐकून घ्यायचा. आपण हसण्यावारी जातोय ह्याचं त्याला फारसं काही वाटत नसावं, किंवा तो दाखवत नसावा.

मग चाळीला बिल्डर आला.

जुनी चाळ पाडायची, रहिवाशांना टॉवरमध्ये घरं द्यायची, उरलेली विकायची. ह्या भागात आता नवल नाही. चाळीतले निम्मे लोक सह्या करून मोकळे झाले, निम्मे अडून बसले. त्यांना कागदावरचा नकाशा कळत नव्हता आणि बिल्डरच्या बोलण्यावर विश्वास नव्हता. तेव्हा बिल्डरच्या माणसाला कुणीतरी सांगितलं की ह्याच चाळीतला एकजण खोटी जगं बनवतो. तो माणूस, गोड बोलणारा, इस्त्रीच्या शर्टातला मॅनेजर, थेट आमच्या स्टुडिओत आला. लोकांना त्यांचं नवं घर आतून फिरून बघता यावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

परब त्या कामाला असा लागला की मी त्याला ओळखेना. प्रत्येक खोलीत जाऊन त्यानं विचारलं, देव कुठल्या भिंतीला हवेत, पिंप कुठं, शिलाई मशीन कुठं. मला चाळीत नेऊन चार दिवस आवाज टिपायला लावलं. नळाखाली भरणारा हंडा, कुणाचा तरी रेडिओ, शेजारच्या राण्यांच्या सुनेचा कुकर, कठड्यावर झटकलेली चटई. बिल्डरनं सदनिकेची मापं दिली होती. बाहेरचा भाग अजून ठरायचा होता, तो "छानसा काहीतरी दाखवा" म्हणाला होता. परबनं तिथं गॅलरी काढली. सोळाव्या मजल्यावर, लांबलचक, लाकडी कठड्याची, एकाला लागून एक दारं आणि दारांचे शेजारीही तेच. हे त्यानं कुणाला विचारून केलं नाही. बाहेर गॅलरी नाही असं घर त्याच्या डोक्यातच येत नव्हतं. मॅनेजरनं ते पाहिलं, हसला आणि म्हणाला, "वा, राहू दे."

काम पुरं झाल्यावर मी आत फिरून आले. सवयीनं शोधलं, पण काही सापडलं नाही.

"ह्यात मोडलेलं काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही."

"तू आधी पडकं बनवलं नाहीस?"

"आमचं घर आहे ते," परब म्हणाला. "ते कसं पाडू?"

तेव्हाच मला काळजी वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत एक तरी जग ह्यानं धड बनवलं म्हणून मी त्याला चिडवलंसुद्धा.

एकेक करून अडलेले लोक चाळीच्या ऑफिसात येऊन हेडसेट लावू लागले. त्याला ते चष्मा म्हणायचे. आत जाताना कुरकुरत जायचे, बाहेर येताना डोळे पुसत यायचे आणि सही करायचे. शेवटी सुलूकाकी राहिली. तिला अंधुक दिसतं म्हणून परबनं आतला उजेड मुद्दाम वाढवून ठेवला होता. तिनं चष्मा लावला. मग तिचा हात आपोआप पुढे झाला, कठडा शोधायला. समोर खरी तर रिकामी हवा. परब पटकन पुढे आला आणि त्यानं आपला हात कोपरापासून आडवा तिच्या हाताखाली धरला. काकी त्याच्या हातावरून हात सरकवत सरकवत ऑफिसभर चालली. मध्येच थांबून म्हणाली, "ही राण्यांची सून. तीन शिट्ट्या झाल्यो तरी गॅस बंद करूक नाय." तो कुकर मीच टिपला होता. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटला. काकीनं सही केली.

ह्यानंतर दोन महिन्यांनी बिल्डरकडून आमच्याकडे पक्के नकाशे आले, विकाऊ घरांची जाहिरात बनवायला. परब ते पडद्यावर बघत होता. बघता बघता त्यानं खुर्ची मागं सारली. मी विचारलं, काय झालं. त्यानं बोटानं दाखवलं. रहिवाशांच्या बाजूला गॅलरी नव्हती. मधोमध बिनखिडकीचा बोळ, दोन्ही बाजूंना समोरासमोर बंद दारं, टोकाला लिफ्ट. आणि खाली एक ओळ: घरांचं वाटप सोडतीनं. म्हणजे कुणाचा शेजारी कुठल्या मजल्यावर जाईल ते देवाला ठाऊक.

त्यानं माझ्यासमोरच मॅनेजरला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"परबसाहेब, ते व्हिज्युअल होतं," मॅनेजर गोडपणे म्हणाला. "खाली बारीक अक्षरात लिहिलंय ना, दृश्य काल्पनिक आहे."

"लोकांनी ते बघून सह्या केल्यात."

"सह्या ॲग्रीमेंटवर केल्यात. त्यात गॅलरी कुठंय?"

नव्हतीच. आम्ही दोघांनी ॲग्रीमेंट काढून वाचलं. तेव्हा पहिल्यांदा वाचलं, हे सांगताना मला आजही लाज वाटते.

अजून वेळ गेली नव्हती. लोकांनी खोल्यांच्या चाव्या दिल्या नव्हत्या. शेवटची चावी आल्याशिवाय चाळीला हात लावता येत नव्हता, आणि तोवर बिल्डरला बसवून गॅलरी कागदावर आणता आली असती, शेजार कागदावर आणता आला असता. एकदा चाव्या गेल्या की हातात काही राहणार नव्हतं. रविवारी चाळीच्या अंगणात सभा होती. परबनं नकाशाची चादरीएवढी प्रत काढली आणि मलाही चल म्हणाला.

अंगणात त्यानं नकाशा जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि सगळं सांगितलं. तो चांगला बोलणारा नव्हताच. घाईघाईनं, अडखळत बोलला. लोक आधी वाकून नकाशा बघत होते. मग मागून कुणीतरी म्हणालं, "परब्याचा पिक्चर लागला रे," आणि हशा पिकला.

"हसू नका. घर असं नाहीये," परब म्हणाला. "बोळ आहे. दारं बंद ठेवायला लागतील. काकीसारख्या माणसानं दिवसभर काय करायचं?"

"अरे, आम्ही डोळ्यांनी बघितलंय," चाळीच्या कमिटीचे राणे म्हणाले. "फिरून आलोय आतून. तुझ्या ह्या रेघांवर विश्वास ठेवू का?"

"ते मी बनवलं होतं, राणेकाका! मी! खोटं होतं ते!"

"तू बनवलंस म्हणूनच तर सही केली," राणे म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट माया होती. "बाहेरच्यानं दाखवलं असतं तर केली असती का? तू लहानपणापासून ते बुडालेलं, जळालेलं बघत आलास, तुला चांगलं काही होतंय म्हटलं की धडकी भरते. होतं असं. घरी जा, जेव, झोप."

मी मध्ये पडून सांगायचा प्रयत्न केला. एकानं मला विचारलं, तुम्ही चाळीतल्या का? मी मागं सरकले. वारा सुटला तसा नकाशा फडफडायला लागला आणि दोन बायका त्यावरून चप्पल घालून गेल्या.

पुढचे चार दिवस परब स्टुडिओतून फारसा हलला नाही. त्यानं ते जग पुन्हा बनवलं, नकाशाबरहुकूम. तो बोळ, ती समोरासमोरची दारं, वर पांढऱ्या नळ्यांचा उजेड. मी विचारलं, आवाज काय देऊ. "काही नको," तो म्हणाला. "लिफ्टची घरघर दे. आणि कुणीतरी आत टीव्ही बघतंय, पण दार बंद आहे, एवढं दे." मी दिलं. ऐकून झाल्यावर मी उठून खोलीचं दार उघडलं. त्यानं एकदा माझ्याकडे वळून म्हटलं, "आयुष्यात पहिल्यांदा मी इंटरव्हलच्या आधी आत शिरलोय. पुढचं सगळं दिसतंय मला. आणि कुणी ऐकत नाहीये." मला त्याला धरून रडावंसं वाटलं. मी चहा मागवला.

ते नवं जग बघायला कुणी आलं नाही. टॉवर उभा राहीपर्यंत दुसरीकडे राहायला जायचं म्हणून लोक बांधाबांध करण्यात होते. चाव्या रोज जमा होत होत्या.

परबला मी शेवटचं पाहिलं ते चाव्यांच्या शेवटच्या दिवशी. त्यानंतर तो स्टुडिओत आला नाही, फोन बंद, आणि चाळीच्या पत्त्यावर जाऊन विचारावं तर चाळच नाही. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी गेले तेव्हा गॅलरी रिकामी होती. दारं काढून नेलेली, भिंतींवर कॅलेंडरांचे चौकोन तेवढे उरलेले. एकट्या सुलूकाकीची चावी बाकी होती. तिचं सामान खाली टेम्पोत चढलं होतं आणि ती उंबऱ्यात बसली होती. मॅनेजर तिच्या डाव्या बाजूला कागद घेऊन उभा होता. तिनं एकटीनं जरी नाही म्हटलं असतं तरी सगळं थांबलं असतं. परब तिच्यासमोर उकिडवा बसला होता, मांडीवर लॅपटॉप, हातात हेडसेट.

"काकी, चावी देण्याआधी एकदा हे बघ. हे खरं आहे. त्या दिवशीचं खरं नव्हतं."

काकीनं चष्मा लावून घेतला. तिचा हात कठडा शोधायला पुढे आला. इकडे तिकडे फिरला, काहीच मिळालं नाही, परत मांडीवर आला. ह्या वेळी परबनं आपला हात पुढे केला नव्हता. 

"हय अंधार कसलो?" काकी म्हणाली. "दारां कित्याक बंद सगळी? लोकां खय गेली?"

"लोकं आतच आहेत. असंच असणारे तिथं."

काकीनं डोळ्यांवरचा चष्मा चाचपून पाहिला. मग म्हणाली, "मशीन बिघडलां रे तुझां."

"बिघडलं नाही, काकी. असंच आहे. तू नाही म्हण. अजून वेळ आहे."

"नाय म्हणान काय करू?" काकी म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "सगळी गेली. मी एकटी हय कोणाक हाक मारू?" तिनं चष्म्याआडूनच त्याच्या दिशेनं तोंड वळवलं. "सुहास, माका ह्यां दाखवू नको. आदीचां लाव."

मॅनेजर हातातले कागद सारखे करत राहिला. त्याला बोलायची गरज नव्हती. मी परबकडे बघत होते. मला वाटलं होतं तो ओरडेल, लॅपटॉप आपटेल, निदान उठून जाईल. तो लॅपटॉपकडे बघत राहिला आणि मग त्यानं दोन कळा दाबल्या.

काकीचा चेहरा सैल झाला. "हां," ती म्हणाली. कुकरची शिट्टी वाजली असावी, कारण ती बारीकशी हसली. मग चष्मा डोळ्यांवर तसाच ठेवून तिनं कनवटीची चावी काढली आणि हात पुढे केला, उजवीकडे, जिथं कुणीच नव्हतं. मॅनेजर पलीकडून वळसा घालून आला आणि त्यानं ती तिच्या बोटांतून अलगद काढून घेतली. खालून टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला तशी काकी उठायला लागली. परबनं काकीच्या पायात येणारी वायर हातात गुंडाळून धरली होती. टेम्पोवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला, तरी परबनं तिच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला नाही.